सासरी गेलेली फाईल

बुधवारी सकाळपासून थोरली तीनदा जिना चढली आणि तिन्ही वेळा मधल्या पायरीवरून परत फिरली. वरच्या मजल्यावर धाकटीचा संसार, खालच्या मजल्यावर थोरलीचा आणि मध्ये चौदा पायऱ्या. एकेचाळीस वर्षांत या दोघी जावांनी त्या पायऱ्यांवरून किती वाट्या, किती निरोप, किती रुसवे वर-खाली नेले असतील त्याला गणती नाही. पण आज सातव्या पायरीवर थोरलीचा पाय अडत होता. पर्स तिने पोटाशी घट्ट धरली होती. पर्समध्ये तळहाताएवढा एक पिवळा पडलेला कागद होता, आणि तो काही केल्या तिला स्वस्थ बसू देत नव्हता.

"काय हो ताई," वरून धाकटीचा आवाज आला, "जिना चढताय की त्याची झडती घेताय?"

थोरली म्हणाली, गुडघा कुठवर साथ देतो ते पाहतेय, आणि खाली आली. गुडघ्याचं निमित्त तिचं तिलाच पोरकट वाटलं. तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. ते उकळून आटलं, भांडं कडेने करपलं, तरी ती खिडकीपाशी उभीच. मग ते भांडं घासायला घेतलं आणि अर्ध्यातच टाकून पर्स उघडून पाहिली. कागद होता. कुठे जाणार होता? एकेचाळीस वर्षं जो जागचा हलला नाही, तो आज पळून थोडाच जाणार होता.

थोरली कॉलेजच्या ऑफिसात छत्तीस वर्षं नोकरीला होती. तळघरातली सात लोखंडी कपाटं हे तिचं राज्य. प्रत्येक विद्यार्थ्याची एक फाईल, आडनावाच्या अक्षरानुसार लावलेली. प्रत्येक कपाटाला क्रमांक, कपाटातल्या प्रत्येक खणालाही क्रमांक. साहेब आले आणि गेले, पण फाईल कुठे आहे हे विचारायला सगळे तिच्याकडेच यायचे. सगळं कॉलेज तिला वहिनी म्हणायचं, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत.

लग्न झालेल्या मुलींच्या फायलींची तिची एक खास पद्धत होती. मुलगी नाव बदलल्याचा कागद घेऊन आली की तिची सगळी कागदपत्रं नव्या आडनावाच्या कपाटात जायची. पण जुनं कव्हर थोरली फेकत नसे. ते रिकामं कव्हर जुन्या जागीच राहायचं आणि त्यात एक चिठ्ठी जायची: 'सासरी गेली. पाहा, कपाट पाच, खण बारा.' मागाहून त्या मुलीचा एखादा कागद जुन्या नावाने आला, तर लावणाऱ्याने चिठ्ठी वाचावी आणि कागद सासरी पोचवावा. ऑफिसात ही भाषा इतकी रुळली होती की कुणी फाईल मागितली तर वरून विचारणा व्हायची, वहिनी, ही माहेरी की सासरी? एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ते ऐकलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं की इथे फायलींची लग्नं कोण लावून देतं. थोरलीने तितक्याच गंभीरपणे सांगितलं, पत्रिका मी बघते, बाकी देवाच्या हातात.

ती निवृत्त झाली त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात कॉलेजातून बोलावणं आलं. ऑफिसात एक नवी अधिकारी आली होती, तिशीची, मोठ्या काचांचा चष्मा लावणारी. तिचं नाव थोरलीच्या लक्षात राहीना, म्हणून मनातल्या मनात ती तिला चष्मेवालीच म्हणायची. या चष्मेवालीने नवंच काम काढलं होतं. ज्यांनी कॉलेजात दोन-तीन वर्षं काढली आणि शेवटी एखाद-दुसऱ्या विषयासाठी पदवीविना गेले, त्यांना शोधायचं, परत बोलवायचं, राहिलेलं फीशिवाय पूर्ण करून द्यायचं. शिवाय आत्ता शिकणाऱ्या मुलांसाठी एक लहानसा निधी. परीक्षेचा अर्ज भरायला किंवा बसच्या पासला पैसे नाहीत म्हणून कुणी मधेच गळू नये यासाठी.

पहिल्याच दिवशी ती थोरलीला म्हणाली होती, "काकू, दरवर्षी किती मुलं आत घेतली ते आपण फळ्यावर लिहितो. किती पदवी घेऊन बाहेर पडली ते कुणी लिहीतच नाही."

थोरलीला ते तेव्हा जरा झोंबलं होतं. पण फायली काढायला लागल्यावर झोंबणं गेलं आणि वेगळंच काही सुरू झालं. एकेका फायलीत शेवटचा कागद पाहावा आणि मान खाली जावी. 'पुढच्या आठवड्यात परीक्षा शुल्क भरतो, कृपया नाव कमी करू नये,' आणि त्यावर तिच्याच अक्षरात, 'मुदत संपली.' एका मुलाचा अर्ज होता की वडील अंथरुणाला खिळलेत, एक सत्र सवलत मिळावी. त्यावर तिचाच शिक्का. तिने नियमाबाहेर काही केलं नव्हतं. नियम होताच तसा. पण घरी येताना तिची पावलं आताशा उगाचच भराभर पडायची, जणू मागून कुणी हाक मारणार होतं.

मंगळवारी तिने रिकामी कव्हरं काढायला घेतली. चष्मेवाली म्हणाली होती, सासरी गेलेल्यांची कव्हरं आता रद्दीत द्या, जागा होईल. थोरलीचा हात आजवर न बघता काही फेकायला शिकलेला नव्हता. ती एकेक कव्हर उघडायची, चिठ्ठी वाचायची, बाजूला टाकायची. तिसऱ्या कपाटातलं एक कव्हर उघडलं तर त्यात चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीच्या जागी दुसराच कागद होता. रसायनशास्त्र, अंतिम वर्ष, प्रात्यक्षिक परीक्षा, पन्नासपैकी चव्वेचाळीस, खाली बाहेरून आलेल्या परीक्षकांची सही. तिने कव्हर उलटून नाव वाचलं आणि स्टुलावर बसली. ते धाकटीचं माहेरचं नाव होतं.

धाकटीला या घरात आणलं थोरलीनेच. काउंटरवरूनच तिने ती मुलगी हेरली होती. अंतिम वर्षाची, अंगापिंडाने बारीक, वडील आजारी, आई शिवणकाम करणारी. फी हप्त्याने भरू द्या म्हणून आली होती. थोरलीने नियम सांगितला तेव्हा पोरगी शांतपणे म्हणाली, "सगळी फी एकदम मागता, पण शिक्षण एकदम देता का? ते वर्षभर हप्त्यानेच देता ना?" थोरली हसून हसून बेजार झाली. साहेबांकडे स्वतः जाऊन तिने हप्ते करून आणले, आणि संध्याकाळी घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, मामंजी, भाऊजींसाठी मुलगी बघून ठेवलीय.

लग्न ठरलं ते प्रात्यक्षिक परीक्षा आणि लेखी परीक्षा यांच्या मधल्या पंधरवड्यात. थोरलीच्या अंगात तेव्हा वारं शिरलं होतं. लग्नाच्या रजेवर जायच्या आदल्या दुपारी तिने कुणाला न सांगता धाकटीची फाईल काढली, घरच्या आडनावाचं नवं कव्हर केलं, त्यावर आपल्या सुंदर अक्षरात नाव घातलं आणि कागद सासरी नेले. मुलीच्या आधी फाईल घरात आली. जुन्या कव्हरात चिठ्ठी टाकायला तिने कार्ड हातात घेतलं, आणि परत ठेवून दिलं. घरचीच फाईल. तिची वाट विसरायला ती काय परकी होती?

थोरली दहा दिवस रजेवर. तिच्या जागी बदली कारकून. प्रात्यक्षिकाच्या गुणांच्या चिठ्ठ्या त्याच दहा दिवसांत आल्या आणि त्याने इमानेइतबारे नावं बघून त्या त्या कव्हरात टाकल्या. बाकी मुलींच्या बाबतीत तो चिठ्ठ्या वाचून कागद सासरी पोचवत गेला. या कव्हरात चिठ्ठीच नव्हती. त्याची काय चूक?

निकाल लागला तेव्हा धाकटी लेखी परीक्षेत पहिल्या दहांत होती आणि निकालावर शेरा होता, प्रात्यक्षिक अपूर्ण. नव्या नवरीच्या कपड्यांत ती तळघरात आली. थोरलीने तिच्यासमोर सासरची फाईल पानन् पान चाळली; माहेरचं रिकामं कव्हर उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. कागद नव्हता. परीक्षक परगावी, त्यांच्या वहीचा पत्ता नाही. आणि तेव्हा थोरलीने तिला विचारलं होतं, तू त्या दिवशी हजेरीवर सही केली होतीस ना नक्की?

एका कागदासाठी पूर्ण वर्ष परत, पूर्ण वर्षाची फी परत. नियम होता तो. घरात मामंजींनी थोरलीलाच विचारलं, कॉलेजातली तू, तुझं मत सांग, इतकं घालण्यात अर्थ आहे का. थोरली म्हणाली, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी बाळंतपण आलं. त्यानंतर ते पुढचं वर्ष कधीच उजाडलं नाही.

धाकटी मग एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. शिक्षिका व्हायला पदवी हवी, नळ्या धुवायला नको. तीस वर्षं तिने बाटल्या भरल्या, द्रावणं केली, पदवीवाल्या नव्या नव्या शिक्षिकांना हळूच सांगितलं की बाई, हे आम्ल आधी पाण्यात घाला, पाणी आम्लात नको. शिक्षिका बदलत गेल्या, धाकटी तिथेच. तक्रार म्हणून तिच्या तोंडून कधी निघाली नाही. फार तर म्हणायची, माझाच धांदरटपणा.

हे सगळं स्टुलावर बसल्या जागी थोरलीच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कागद पर्समध्ये टाकला. तिच्या आयुष्यात ऑफिसातून घरी नेलेला तो पहिला कागद.

निघताना तिने चष्मेवालीला सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एखादीचं नुसतं प्रात्यक्षिक राहिलंय, तर काय करायचं. चष्मेवालीने दोन वाटा सांगितल्या. एक, नव्या योजनेत प्रात्यक्षिक पुन्हा द्यायचं, फी नाही, काही नाही, एका सकाळचं काम. दुसरी, जुना मूळ कागद सापडला तर परीक्षाच नको. पण मग कार्यालयाची चूक झाली असं त्या वेळी फायली सांभाळणाऱ्याने लिहून द्यायचं, नावानिशी. दोन्हीला विद्यार्थ्याची स्वतःची सही लागणार, आणि शुक्रवारी दुपारी बाराला यादी विद्यापीठात जाणार. जुन्या अभ्यासक्रमाचं दप्तर त्यानंतर कायमचं बंद.

थोरलीने घरी येईपर्यंत वाट निवडली होती. पहिली. धाकटी डोळे मिटून ते प्रात्यक्षिक देईल. पदवी मिळेल, कुणाचं मन दुखणार नाही, आणि पर्समधला कागद चुलीत. निवड इतकी सोपी होती, तर मग बुधवारी तिला जिना का चढवेना?

दुपारी मात्र ती चढली. अर्ज धाकटीपुढे ठेवला आणि एका दमात योजना सांगितली. धाकटी शेंगा सोलत होती. ती थांबली नाही. म्हणाली, त्रेसष्टाव्या वर्षी पदवी घेऊन करू काय, भिंतीवर लावू की औषधाच्या डब्याखाली घालू? थोरलीने बरंच काही सांगितलं. नातवंडांना काय वाटेल, भाऊजी असते तर किती खूश झाले असते. धाकटी ऐकत राहिली. शेवटी तिने हात पुसले, अर्ज जवळ ओढला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. तिची बोटं कागदावर किंचित अडखळत होती. थोरलीने ते पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

"तुम्हाला एवढं वाटतंय ताई, तर बघते," धाकटी म्हणाली. "पण सही उद्या. आधी हात चालतो का ते बघू दे."

गुरुवारी सकाळी वरून काचेचा आवाज आला. थोरली वर गेली तर धाकटीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा मांडली होती. शाळेने टाकून दिलेली, टोकाला टवका गेलेली ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची नळी, तिने एका जुन्या स्टँडला बांधली होती. नळीत चुन्याची निवळी, खाली काचेच्या चंबूत पाणी घातलेलं व्हिनेगर आणि त्यात बाटलीतून रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. निवळी थेंब थेंब पडली पाहिजे आणि चंबूतलं पाणी बरोबर एका थेंबाला फिकट गुलाबी झालं पाहिजे. जास्त पडली तर गडद होतं, आणि गडद झालं की प्रयोग वाया.

पहिल्यांदा गडद झालं. दुसऱ्यांदाही. ज्या हाताने तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांसाठी निवळ्या मोजल्या, तो हात तोटीवर नीट टिकेना. थोरली दारातून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालत होती. धाकटीने तिला म्हटलं, बसा हो, तुमच्या फेऱ्यांनीच थेंब हलतोय. थोरली बसली आणि लगेच उठली.

तिसऱ्यांदा नळी भरताना धाकटी बोलायला लागली. बोलणं थोरलीशी असलं तरी डोळे तोटीवरच होते. त्या दिवशी हॉलमध्ये तिच्या बोटावर आम्लाचा थेंब पडला होता. ती नळाकडे धावली. परत आली तेव्हा हजेरीचा कागद फिरून पुढे गेला होता. तिने तो मागून घेऊन सही केली, की करायचं राहिलं? तिला आठवायचं की केली. पण आठवणीतली सही म्हणजे काय पुरावा? मग शाळेत लागल्यावर तिने नियमच केला. मूल आत आलं की आधी सही, मग नळी. रडलं तरी, उशीर झाला तरी, मुख्याध्यापकांचा मुलगा असला तरी. पोरं तिला सहीबाई म्हणायची.

"अजून स्वप्न पडतं," धाकटी म्हणाली. "हॉल तोच. मी सही करते आणि शाई उमटतच नाही."

चंबूतलं पाणी पुन्हा गडद झालं.

थोरलीने पर्स उघडली. आधी ठरवलेलं एकही वाक्य तोंडी आलं नाही. तिने कागद ओट्यावर, व्हिनेगरचे थेंब नव्हते अशा कोरड्या जागी ठेवला. धाकटीने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, खाली घेतला आणि वाचला. एकदा. मग परत एकदा. मग तिने तोटी बंद केली, कारण निवळी अजून गळत होती.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सहा कुठे कापले?"

थोरलीने सगळं सांगितलं. रजेच्या आदली दुपार, नवं कव्हर, हातात घेऊन परत ठेवलेलं कार्ड. घरचीच फाईल असं वाटलं होतं, हेही. कपाट क्रमांक आणि खण क्रमांकासकट ती बोलत गेली, जसं साहेबांपुढे बोलायची. सगळं संपल्यावर धाकटीने विचारलं, हा कागद कधी सापडला. थोरली म्हणाली, मंगळवारी.

"आणि काल तुम्ही मला परीक्षेचा अर्ज दिलात."

थोरलीने मान हलवली.

"तुम्ही तेव्हा विचारलं होतं, सही केलीस ना नक्की. पहिल्यांदा मी हो म्हटलं होतं. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हाही हो. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी म्हटलं, बहुतेक." धाकटीने चंबू उचलला आणि गुलाबी पाणी मोरीत ओतलं. "त्या दिवसापासून मी बहुतेकच आहे."

थोरलीला वाटलं, आता ती ओरडेल, रडेल, काहीतरी फोडेल. तसं झालं असतं तर बरं होतं. धाकटीने ब्युरेट धुतली, उलटी करून निथळत ठेवली आणि म्हणाली की मला आता जरा पडायचंय. थोरली चौदा पायऱ्या उतरून खाली आली.

त्या दिवशी वरून वाटी आली नाही की निरोप आला नाही. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही. थोरलीने पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. मग लहानपणापासूनच्या सवयीने आधी समास आखला, आणि लिहिलं की अमुक वर्षी अमुक विद्यार्थिनीच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांचा कागद माझ्या नजरचुकीने चुकीच्या कव्हरात राहिला. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. लिहून झाल्यावर ती घरात फिरत राहिली. पुसलेली टेबलं पुसली, किल्ल्या मोजल्या. मुलाचा फोन आला, तर त्याला काय बोलली ते तिलाच आठवेना. धाकटी उद्या येईल का? तिच्या सहीशिवाय पत्राची किंमत रद्दीची. आणि तिच्यावर जबरदस्ती करायचं तोंड थोरलीला उरलं नव्हतं. जिन्यापाशी जाऊन तिने फक्त पहिल्या पायरीवर एक कागद ठेवला: 'उद्या बारा वाजेपर्यंत. कॉलेज, तळघर.' ती चिठ्ठी ठेवताना तिच्या मनात आलं की हेच, इतकंच तर करायचं होतं तेव्हा.

शुक्रवारी ती साडेनऊलाच ऑफिसात पोचली. चष्मेवालीपुढे पत्र आणि पिवळा कागद ठेवला. मंगळवारी घरी नेला होता, हेही सांगितलं. चष्मेवालीने दोन्ही वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे केली. थोरली बसली नाही. ती तळघराच्या दारात उभी राहिली. दारातून जिना दिसायचा. दहा वाजले. साडेदहा. एक मुलगा बसच्या पासचा अर्ज घेऊन आला, त्याला चष्मेवालीने तिथल्या तिथे सही करून दिली आणि परीक्षेला नक्की बस म्हणून दटावलं. अकरा वाजले. थोरलीने तिसऱ्या कपाटाचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. सव्वाअकराला ती चष्मेवालीला म्हणाली की मी घरी जाऊन येते, आणि पर्स घेऊन निघालीही. जिन्याच्या वळणावर तिला धाकटी भेटली. पायात शाळेचे बूट, काखेत छत्री, हातात पायरीवरची ती चिठ्ठी.

धाकटी तिच्या बाजूने थेट खाली गेली, चष्मेवालीला आपण कोण ते सांगितलं आणि पत्र मागितलं. उभ्यानेच वाचलं. मग पेन घेतलं आणि एका शब्दावर रेघ मारली.

"नजर चुकली नव्हती," ती थोरलीकडे न बघता म्हणाली. "चिठ्ठी ठेवली नव्हती. तसं लिहा."

थोरलीने तसं लिहिलं. वरचं खोडलेलं राहू दिलं, बाजूला आद्याक्षरं घातली, नियमाप्रमाणे.

मग अर्ज. धाकटीने तो हळूहळू भरला. एका चौकटीपाशी तिचं पेन थांबलं. चष्मेवाली म्हणाली की पदवीवर कोणतं नाव हवं ते तिथे लिहा, माहेरचं किंवा सासरचं, दोन्ही चालतं. थोरली शेजारीच उभी होती. मामंजींचं आडनाव, भाऊजींचं आडनाव, तिचं स्वतःचं आडनाव. घरच्या पाटीवर तेच होतं. धाकटीने पेन टेकवलं आणि जे नाव लिहिलं ते या घरात एकेचाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. तिच्या बोटाला कंप नव्हता. खाली सही केली, शाई वाळेपर्यंत बघत राहिली आणि कागद पुढे सरकवला. बाराला वीस मिनिटं होती.

चष्मेवाली यादी घेऊन वर धावली. तळघरात दोघी जावा आणि सात कपाटं राहिली. थोरलीने पाचव्या कपाटातून धाकटीची फाईल काढली, सगळे कागद जुन्या कव्हरात लावले, पिवळा कागद सगळ्यांत वर. कव्हर तिसऱ्या कपाटात, होतं त्या जागी गेलं. मग पाचव्या कपाटातल्या रिकाम्या कव्हरासाठी तिने कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'माहेरी परत. पाहा, कपाट तीन, खण चार.' धाकटीने ते तिच्या हातातून घेऊन वाचलं आणि स्वतःच्या हाताने कव्हरात सरकवलं.

थोरलीला वाटलं, आता घरी जायचं, वाटेत कदाचित ती काही बोलेल. धाकटी मात्र कपाटांवरून नजर फिरवत होती.

"अशा सासरी गेलेल्या किती आहेत?"

थोरलीने अंदाज सांगितला, तीनशेवर असतील.

"सगळ्यांत चिठ्ठ्या आहेत?"

"आहेत," थोरली म्हणाली. दोन कपाटं बघून झाली होती आणि तिसरं अर्धं. उरलेल्यांची खात्री तिने कशाच्या बळावर दिली, तिला कळलं नाही.

"नक्की?" धाकटीने विचारलं.

थोरलीने पाचव्या कपाटाकडे पाहिलं, मग सहाव्याकडे. त्यात कितीतरी मुली होत्या, ज्यांची लग्नं तिला आठवत होती आणि चिठ्ठ्या आठवत नव्हत्या.

"बहुतेक," ती म्हणाली.

धाकटीने छत्री खिळ्याला अडकवली. टेबलावर तळघराची नोंदवही होती, कोण आलं, कधी आलं ते लिहायची. तिने त्यात आपलं नाव लिहिलं, वेळ टाकली, सही केली, आणि वही थोरलीपुढे सरकवली. थोरली कपाटाकडे निघालीच होती, किल्ल्या हातात घेऊन.

"आधी सही," सहीबाई म्हणाली.